‘थांब’ म्हणण्याचा अधिकार : तारयंत्रापासून यूएसबीपर्यंत



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलावे, अशी त्यांची अपेक्षा होती. मी मात्र विषय कळवला तो एका तारेचा. यंत्र संगणकाला जोडणारी, दीड-दोन हात लांबीची, कोणत्याही दुकानात मिळणारी यूएसबीची तार. तिच्यातून वेगाने येणारी माहिती एकही अक्षर न गमावता कशी वाचून घ्यावी, हा आजचा प्रश्न आहे. युनियनच्या माणसाने या भानगडीत का पडावे, असे आपणांस वाटेल. चालकांनाही तसेच वाटले होते.

माझे शालेय शिक्षण आठवीत संपले. पुढे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि ज्यांच्यासाठी भांडलो त्या माणसांकडून. या विषयाकडेही मी हौसेने वळलो नाही. एका तंट्याने मला तिथे नेले. तेव्हा आधी तो तंटा सांगतो आणि मग इतिहासाकडे येतो.

खडूच्या रेघा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात आमची युनियन होती. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. तिथल्या प्रेस-शॉपमध्ये पत्र्याचे भाग काढण्याचे काम चाले. ठरलेल्या नगांच्या वर जितके नग निघतील तितका जादा भत्ता मिळे. पूर्वी नग मोजायला प्रत्येक प्रेसवर आकडे फिरणारा साधा काउंटर होता. पुढे व्यवस्थापनाने नवी योजना आणली. चार प्रेसवर दाब मोजणारे सेन्सर बसवले. ते दर सेकंदाला हजारो वेळा दाब मोजून आकडे पाठवीत. चार तारा एका संगणकात जात. आलेल्या आकड्यांवरून संगणक ठोका ओळखी, नग मोजी आणि पडद्यावर दाबाचा आलेखही काढी. जुने काउंटर काढून भंगारात टाकले.

महिनाभरात कुरकुर सुरू झाली. नग कमी लागतात, असे लोक म्हणू लागले. रोज नव्हे, ज्या दिवशी चारही प्रेस जोरात चालत त्याच दिवशी. आता मला एक कबुली द्यायची आहे. मी त्या वेळी आमच्याच लोकांना समजावत बसलो. ‘अहो, यंत्राला कुणाशी वैर नसते. तुमचीच मोजदाद चुकत असेल,’ असे मी गेटवर उभा राहून सांगितले. त्यात जवळपास दोन महिने गेले.

त्या खात्यात एक जुने ऑपरेटर होते. सगळे त्यांना मामा म्हणत. ते माझ्याशी वाद घालीत बसले नाहीत. त्यांनी प्रेसच्या अंगावर खडूने रेघा ओढायला सुरुवात केली. चार उभ्या, पाचवी आडवी. एका पाळीच्या शेवटी त्यांनी मला बोलावले, रेघा मोजायला लावल्या आणि मग पेटीतला माल माझ्याच हाताने मोजायला लावला. पेटी आणि खडू यांचा हिशेब जमला. संगणकाचा आकडा मात्र सतराने कमी होता.

ते सतरा नग गेले कुठे? माल तर पेटीत होता. हरवली होती ती त्याची वार्ता. वार्ता वाटेत हरवते कशी, हे मला देखभाल खात्यातल्या आयटीआय झालेल्या एका तरुणाने पुढच्या कित्येक संध्याकाळी युनियनच्या कचेरीत बसून शिकवले. तो शिकवी आणि मी विचारी, ‘हे असे का केले? आधी कसे होते?’ अशा ‘आधी’ ‘आधी’ करीत आम्ही पावणेदोनशे वर्षे मागे गेलो.

घमेल्यांची साखळी

आधी ‘सिरियल’ या शब्दाचा अर्थ स्पष्ट करू. सिरियल म्हणजे एकामागून एक. आपण सर्वांनी इमारतीचा स्लॅब पडताना पाहिला आहे. खाली माल कालवला जातो, आणि माणसे शिडीवर उभी राहून घमेली हातोहात वर देतात. एका वेळी एका हातात एकच घमेले. सिरियल तारेत असेच चालते. प्रत्येक अक्षराचे आठ तुकडे करतात, त्यांना बिट म्हणतात, आणि ते एकामागून एक तारेवरून पाठवतात. घेणारा ते जमवून पुन्हा अक्षर बनवतो.

या साखळीत सर्वांत महत्त्वाचा माणूस कोण? खाली घमेले भरणारा, असे मुकादमाला वाटते. वास्तविक सर्वांत महत्त्वाचा असतो तो वरचा, घेणारा. त्याचे हात मोकळे नसतील तर खालच्याने कितीही झपाट्याने भरले तरी माल खालीच सांडणार. म्हणून स्लॅबवर एक आवाज सतत ऐकू येतो : ‘थांब रे!’ हा आवाज जिथे देता येतो तिथे माल सांडत नाही. आज मला सांगायचा इतिहास हा त्या आवाजाचा आहे. तो तारेवर कसा होता, कधी काढून घेतला गेला आणि पुन्हा कसा मिळवावा लागला, एवढेच माझे सांगणे आहे.

तार तोडण्याची मुभा

१८४४ साली सॅम्युअल मोर्सने वॉशिंग्टन ते बाल्टिमोर अशी तार सुरू केली. पुढे अमेरिकेतल्या तारकचेऱ्यांत जी पद्धत रूढ झाली तिच्यात एक मोठी सोय होती. तारेतून वीज सतत वाहत असे, आणि वाटेवरच्या कोणत्याही माणसाने आपली कळ उघडली की सगळी तार मुकी होई. घेणाऱ्याचा एखादा शब्द चुकला, कागद संपला, हात दुखला, तर तो आपली कळ उघडी. पाठवणाऱ्याला ते तत्काळ कळे आणि तो थांबे. याला ‘ब्रेक’ म्हणत, म्हणजे तार तोडणे. आजच्या सिरियल चिपमध्येही ‘ब्रेक’ नावाचा संकेत शिल्लक आहे. तो करणाऱ्या पुष्कळ जणांना हा शब्द कुठून आला हे माहीत नसते.

या व्यवस्थेत वेग किती असावा, हे घेणाऱ्याच्या कानावर आणि हातावर ठरे. पाठवणाऱ्याला घाई असली तरी घेणारा त्याला रोखू शके. कंपन्यांना मात्र तार महाग पडे. खांब, तांबे, लोखंड सगळेच महाग. एका तारेवरून अधिक माल कसा न्यावा याचा शोध सुरू झाला.

पाच कळा आणि ठेका

तो शोध लावला एका फ्रेंच तारमास्तराने. त्याचे नाव एमिल बोदो. शेतकऱ्याच्या घरात १८४५ साली जन्मलेला, प्राथमिक शाळेपलीकडे न शिकलेला, तारखात्यात नोकरीस लागून स्वतःच्या हिमतीवर शिकलेला हा माणूस. माझ्यासारख्याला त्याच्याविषयी आपुलकी वाटावी हे साहजिक आहे. १८७४ साली त्याने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. प्रत्येक अक्षराला पाच संकेत, म्हणून पाच कळा. दोन डाव्या हाताला, तीन उजव्या हाताला. आणि फिरता वाटप करणारा एक भाग, जो एकच तार चार-सहा ऑपरेटरांत वाटून देई. ज्याच्यावर पाळी येई त्याचे अक्षर त्या क्षणी तारेवर जाई.

यात गोम अशी की, आपली पाळी आली की त्याच क्षणी कळा दाबलेल्या असल्या पाहिजेत. त्यासाठी यंत्र टक्‌ असा ठेका देई. मिनिटाला सुमारे १८० वेळा हा ठेका पडे आणि ऑपरेटरची बोटे त्यावर नाचत. ठेका चुकला की अक्षर गेले. मोर्सच्या तारेवर माणूस यंत्राला थांबवी. इथे यंत्र माणसाला चालवू लागले. वेगाची मोजणी ज्या एककात होते त्याला १९२०च्या दशकात याच बोदोचे नाव दिले गेले. आज आपण ‘बॉड’ म्हणतो तो हाच. बोदोच्या बुद्धीला माझा नमस्कार आहे. परंतु त्या ठेक्यावर ज्यांनी आयुष्य काढले त्यांची नावे कोणत्याही एककाला मिळाली नाहीत, एवढे नमूद करून पुढे जातो.

आपल्याकडेही तारखात्यात कामाचे ओझे वाढत गेले. १९०८ साली तारखात्यातल्या लोकांनी संप केला. कलकत्ता, मुंबई, रंगून अशा दूरदूरच्या केंद्रांत तो पसरला. नव्या पाळ्या, वाढते काम आणि पगार ही त्याची कारणे. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात लोकमान्यांच्या शिक्षेविरुद्ध मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवसांचा संप केला, तो आपणां सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच्या आधी काही महिने तारवाले थांबले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तारेवरची कळ उघडून ‘थांब’ म्हणण्याची सोय गेली की माणसाला काम थांबवून ‘थांब’ म्हणावे लागते. त्या संपाचे मला उमगलेले तात्पर्य हे असे आहे.

विसाव्याचा बिट

ठेक्याच्या त्रासातून सुटकेचे दोन मार्ग निघाले. पहिला मार्ग साठवणीचा. इंग्लंडमध्ये व्हीटस्टनने १८५८ सालीच कागदी फितीला भोके पाडून संदेश आधी तयार ठेवण्याची युक्ती काढली होती. पुढे न्यूझीलंडचा डोनाल्ड मरे याने विसाव्या शतकाच्या आरंभी टाइपरायटरसारखी कळफळी जोडून ती फीत अधिक सोयीची केली. माणसाने आपल्या गतीने भोके पाडावीत आणि यंत्राने ती आपल्या गतीने वाचावीत. ज्याला आज ‘बफर’ म्हणतात, त्याचा हा आजोबा. बफर म्हणजे दोन वेगवेगळ्या गतींच्या मध्ये ठेवलेले कोठार.

दुसरा मार्ग मला अधिक आवडतो. शिकागोच्या मोरक्रम कंपनीतील चार्ल्स क्रम आणि त्याचा मुलगा हॉवर्ड क्रम यांनी १९१०च्या सुमारास तो काढला. त्यांनी प्रत्येक अक्षराच्या आधी ‘निघालो’ असे सांगणारा एक संकेत ठेवला आणि शेवटी ‘पोचलो’ असे सांगणारा एक. पहिला स्टार्ट, दुसरा स्टॉप. आता दोन्ही टोकांच्या यंत्रांनी दिवसभर एकाच ठेक्यात फिरण्याची गरज राहिली नाही. एका अक्षरापुरती जुळणी झाली की पुरे. अक्षर संपले की घेणारे यंत्र थांबून पुढच्यासाठी सज्ज होई. १९६३ साली आलेल्या टेलिटाइप मॉडेल ३३ या प्रसिद्ध यंत्रात प्रत्येक अक्षराला एकूण अकरा बिट लागत, त्यांत दोन बिट स्टॉपचे. ते नुसते विसाव्यासाठी. लोखंडी दांड्या जागेवर बसाव्यात म्हणून. वेग होता ११० बॉड, म्हणजे सेकंदाला दहा अक्षरे. आपल्याकडे १९६० साली मद्रासला हिंदुस्थान टेलिप्रिंटर्स हा सरकारी कारखाना निघाला. वर्तमानपत्रांच्या आणि तारखात्याच्या कचेऱ्यांतून खडखडणारी ती यंत्रे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिली असतील.

त्या टेलिटाइप यंत्रात आणखी एक गोष्ट होती. फीत वाचणारा भाग दूरवरून चालू आणि बंद करता येई. १७ क्रमांकाचे अक्षर आले की चालू, १९ क्रमांकाचे आले की बंद. त्यांना एक्स-ऑन आणि एक्स-ऑफ म्हणत. बोदोच्या ठेक्यात हरवलेला ‘थांब रे’ परत मिळाला तो असा. घेणारा आता एका अक्षरात सांगू शके, ‘जरा दम धर,’ आणि सावरला की, ‘हं, दे आता.’ १९६० साली अमेरिकेत आरएस-२३२ नावाचे जे प्रमाण ठरले त्यात ‘पाठवू का?’ आणि ‘पाठव’ अशा विचारपुशीसाठी स्वतंत्र ताराच ठेवल्या. त्या मुळात मोडेमसाठी होत्या. पुढे त्यांचाच उपयोग घेणाऱ्याला ‘थांब’ म्हणता यावे म्हणून होऊ लागला.

एका अक्षराची ओसरी

याच सुमारास संगणक आला. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या पीडीपी-१ या संगणकाला टेलिटाइप जोडायचे काम गॉर्डन बेल या इंजिनिअरकडे होते. बिट जमवून अक्षर करणारे आणि अक्षराचे बिट करणारे जे मंडल त्याने बांधले, त्याचीच पुढे एक चिप झाली. तिला यूएआरटी म्हणतात. १९७१च्या सुमारास वेस्टर्न डिजिटलने ती एका तुकड्यावर आणली.

१९८१ साली आयबीएमचा घरगुती संगणक आला. त्यात ८२५० नावाची चिप होती. आलेले अक्षर ठेवायला तिच्यापाशी एकाच अक्षराची जागा. दारापुढे एवढीशी ओसरी, आणि तीवर एकच पोते मावते. संगणकाने येऊन ते उचलले नाही आणि पुढचे पोते आले, तर आधीचे गेलेच. ९६०० बॉडला दर अक्षरामागे साधारण एक मिलिसेकंद मिळे. तेवढ्यात संगणक येई. पण हीच चिप ११५२०० बॉडपर्यंत चालवता येत असे. तिथे दर अक्षरामागे ८७ मायक्रोसेकंद. संगणक तबकडीवर काही लिहीत असला की तेवढ्यात येणे त्याला जमत नसे.

आता लक्ष देण्यासारखी गोष्ट. अक्षर पुसले गेले की ती चिप एक निशाण वर करी : ‘माझ्याकडून माल सांडला आहे.’ म्हणजे तक्रारपेटी होती. पण कित्येक कार्यक्रम ती उघडून पाहतच नसत. मी तीस वर्षे तक्रारपेट्या पाहिल्या आहेत, म्हणून मला याचे नवल वाटले नाही.

पुढे १६५५० नावाची चिप आली. तिच्यात सोळा अक्षरांची जागा होती. परंतु पहिल्या आवृत्तीत दोष निघाला आणि ती सोळा अक्षरांची जागा निरुपयोगी ठरली. १६५५०ए या सुधारित चिपने ती दुरुस्त झाली. सोळा अक्षरे म्हणजे ११५२०० बॉडला सुमारे १.४ मिलिसेकंदांची उसंत. एवढ्या थोड्या उसंतीने हजारो मोडेमधारकांचा त्रास कमी झाला. ओसरी वाढवली की काय होते ते यावरून दिसते. वेग वाढवणारे आणि ओसरी वाढवणारे नेहमी एकच नसतात, हेही दिसते.

विचारल्याशिवाय बोलायचे नाही

१९९६च्या जानेवारीत यूएसबीचे पहिले प्रमाण प्रसिद्ध झाले. कॉम्पॅक, डिजिटल, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्या त्यामागे होत्या. इंटेलमध्ये या कामाची धुरा वाहणाऱ्यांपैकी अजय भट्ट हे वडोदऱ्याचे, महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. ज्या सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि गावोगावी वाचनालये काढली, त्यांच्या नगरीतून हा माणूस जावा, याचे आपणां मराठी माणसांना कौतुक वाटल्यास ते अनाठायी नाही.

यूएसबीचा कारभार जुन्या सिरियल तारेहून फार वेगळा आहे. इथे कोणतेही यंत्र आपणहून बोलत नाही. संगणक एकेकाला विचारतो, ‘काही आहे का?’ असेल तर यंत्र गाठोडे देते. नसेल तर ‘आत्ता नाही’ असे सांगते. सिरियल माहिती ज्या प्रकाराने जाते त्यात प्रत्येक गाठोड्यावर तपासणीचा आकडा असतो. गाठोडे बिघडले तर ते पुन्हा पाठवले जाते. १२ मेगाबिटांच्या जुन्या यूएसबीत ६४ बाइटांचे गाठोडे असते आणि एका मिलिसेकंदात जास्तीत जास्त एकोणीस गाठोडी जातात. म्हणजे सेकंदाला बारा लाख बाइटांहून अधिक. २००० साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत वेग ४८० मेगाबिट झाला.

तेव्हा मी त्या तरुणाला विचारले, ‘तार एवढी सचोटीची आहे, बिघडले तर पुन्हा पाठवते, मग आमचे सतरा नग गेले कुठे?’ त्याने दिलेले उत्तर मला आजही पाठ आहे. ‘साहेब, ही तार माल पोचवते हे नक्की. पण केव्हा पोचवील याची हमी देत नाही. माल तारेत सांडतच नाही. तो तारेच्या अलीकडे सांडतो किंवा पलीकडे.’

आणि मग त्याने साखळी मांडून दाखवली. सेन्सर जुन्या पद्धतीने, ९२१६०० बॉडने बोले. म्हणजे सेकंदाला ९२१६० अक्षरे. तिथून माल एका लहान चिपमध्ये येई, जी जुन्या सिरियलचे यूएसबीत रूपांतर करते. अशा चिपमध्ये दोन-अडीचशे अक्षरांची ओसरी असते. ती तीन मिलिसेकंदांच्या आत भरते. पलीकडे संगणकाच्या प्रणालीचे कोठार, आणि त्याच्या पलीकडे तो नग मोजणारा कार्यक्रम. हा कार्यक्रम एकटाच सगळी कामे करी : माल उचली, ठोका ओळखी, आलेख काढी, तबकडीवर लिही, आणि मग पुन्हा माल उचलायला येई. चारही प्रेस चालू असले की आलेख काढण्यात त्याचा वेळ जाई. तेवढ्यात प्रणालीचे कोठार भरे. कोठार भरले की संगणक चिपला विचारणे बंद करी. चिपची ओसरी तीन मिलिसेकंदांत भरे. आणि सेन्सरला हे काहीच कळत नसे, कारण ‘थांब’ म्हणण्याच्या तारा कुणी जोडल्याच नव्हत्या. देण्याची, घेण्याची आणि जमिनीची अशा तीनच तारा जोडून काम भागवले होते. दोन तारांची काटकसर.

म्हणून तूट रोज नव्हती. ज्या दिवशी माणसांनी सर्वांत जास्त काम केले, नेमक्या त्याच दिवशी त्यांचे काम हरवले. हरवणे हे आंधळे असते असे आपण समजतो. ते तसे नसते. ते गर्दीच्या वेळी येते आणि जो जास्त राबतो त्याच्याच पदरातून घेते.

उपाय साधे आहेत

यावरचे उपाय कळल्यावर मला हसू आले, इतके ते आपल्या ओळखीचे होते. पहिला उपाय : माल उचलायला एक स्वतंत्र गडी ठेवा आणि त्याला दुसरे काम सांगू नका. त्याने उचलावे आणि मोठ्या कोठारात टाकावे. आलेख काढणारा, लिहिणारा यांनी तिथून आपापल्या सवडीने घ्यावे. एकाच कार्यक्रमात असे दोन-तीन गडी वेगवेगळे चालवता येतात. दुसरा : एकेक अक्षर उचलायला खेप घालू नका, एका खेपेत हजारो उचला. तिसरा : ‘थांब’ म्हणण्याच्या तारा जोडा. चौथा : ज्याला थांबवता येत नाही, त्याच्यापाशीच साठवण द्या. प्रेसचा ठोका काही कुणासाठी थांबत नाही. तेव्हा सेन्सरपाशीच थोडी जागा हवी.

काही बारकावेही आहेत. काही रूपांतर-चिपा वडापच्या जीपसारख्या वागतात : भरल्याशिवाय सुटत नाहीत, नाहीतर ठरलेली वेळ होईपर्यंत उभ्या राहतात. एफटीडीआय या स्कॉटलंडच्या कंपनीच्या चिपेत ही वेळ मुळात १६ मिलिसेकंद ठेवलेली असते आणि ती कमी करता येते. यात माल हरवत नाही, नुसता उशीर होतो. पण उशीर आणि तूट यांत गल्लत झाली की माणूस भलतीकडे दुरुस्ती करीत बसतो. दुसरे असे की, लिनक्ससारख्या प्रणालीत सिरियल यंत्राच्या नावाची सुरुवात अजून ‘टीटीवाय’ अशी होते, म्हणजे टेलिटाइप. वेगळे सांगितले नाही तर प्रणाली समोर टेलिटाइपच आहे असे समजून वागते. १३ क्रमांकाचे अक्षर आले की ते बदलून १० करते. १७ आणि १९ हे हुकूम समजून गिळून टाकते. सेन्सरच्या आकड्यांत ही अक्षरे नुसते आकडे म्हणून येतात आणि विनाकारण बळी जातात. म्हणून ‘जसे येईल तसे कच्चे दे’ असे प्रणालीला आधी बजावावे लागते. जुनी सोय नव्या ठिकाणी न तपासता नेली की ती अडचण होते, हे आम्हा संघटनावाल्यांनीही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पण सर्वांत मोठा उपाय पाचवा : प्रत्येक गाठोड्यावर अनुक्रमांक घाला. ४१ नंतर ४३ आले की ४२ हरवले हे लहान मूलही सांगेल. अनुक्रमांकाने तूट टळत नाही. तूट झाली हे मात्र लपत नाही. आमच्या त्या संगणकात वेग होता, आलेख होता, रंग होते, अनुक्रमांक नव्हता. त्यामुळे तो सतरा नग गमावूनही छातीठोकपणे आकडा सांगत राहिला, आणि मीही त्याच्यावर विश्वास ठेवला.

शेवट काय झाला, ते सांगून आपली रजा घेतो. व्यवस्थापनाने पेटीचा हिशेब पाहिल्यावर चूक मान्य केली. त्यांनी मुद्दाम फसवले होते असे मी म्हणणार नाही. त्यांनाही कळले नव्हते. कार्यक्रम बदलला, तारा जोडल्या, अनुक्रमांक आले आणि पडद्याच्या कोपऱ्यात ‘हरवलेली गाठोडी’ असा एक रकाना आला. आमच्या आग्रहावरून जुन्या धर्तीचे काउंटरही साक्षीला पुन्हा बसवले. पुढचा हिशेब सुधारला.

मागचा सुधारला नाही. जवळपास तीन महिन्यांच्या तुटीची थकबाकी आम्ही मागितली, तेव्हा आमच्यापाशी पुरावा मागितला गेला. माल केव्हाच रवाना झाला होता. संगणकात जे आलेच नव्हते त्याची नोंद कुठून असणार? मामांच्या रेघा होत्या, पण दर शनिवारी प्रेस पुसून स्वच्छ करण्याचा नियम होता आणि मामा नियमाने वागणारे होते. एका पाळीचे सतरा नग सिद्ध झाले. बाकीचे नाहीत. त्यांपैकी दोन महिने तर मीच ‘यंत्र चुकत नाही’ असे सांगण्यात घालवले होते.

मामा आता निवृत्त झाले आहेत. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. पण तेव्हापासून एखादे नवे मोजणीचे यंत्र कारखान्यात आले की मी त्याचा वेग विचारीत नाही. मी तीन प्रश्न विचारतो : घेणाऱ्याला ‘थांब’ म्हणता येते का? त्याच्यापाशी ठेवायला जागा किती? आणि हरवले तर ते कुणाला, कसे कळणार? आपल्या गावात वजनकाटे आले, हजेरीची यंत्रे आली, विजेचे नवे मीटर आले, आणखीही येतील. ती जरूर यावीत. आपण फक्त हे तीन प्रश्न विचारायला विसरू नये, एवढीच माझी विनंती.